ईडीची गोळी लागू पडेल का? रक्ताचे रिपोर्ट कसे काढायचे, कसे वाचायचे आणि त्यावरून काय ठरवायचं

सिल्डेनाफिल, टाडालाफिल अशा गोळ्या असतात हे आता जवळपास सगळ्यांना माहितीये. पण ज्याला खरंच त्रास आहे, म्हणजे लिंग नीट ताठ होत नाही किंवा झालं तरी मधेच सैल पडतं (यालाच इरेक्टाइल डिसफंक्शन, थोडक्यात ईडी म्हणतात), त्याच्या डोक्यात वेगळाच प्रश्न असतो: मला ही लागू पडेल का, आणि पडणार नसेल तर ते रक्त तपासून आधीच कळेल का? उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. गोळी चालेल की नाही हे छातीठोकपणे सांगणारी एकही रक्ताची टेस्ट आज नाहीये. रक्तातून कळतं ते एवढं, की गोळीच्या वाटेत कुठला अडथळा आहे, तो दूर करता येण्यासारखा आहे का, आणि गोळी कुठल्या डोसने सुरू करणं सेफ आहे. माझ्या मते ही माहिती हो किंवा नाही अशा उत्तरापेक्षा जास्त कामाची आहे, कारण तिच्यावरून पुढे काहीतरी करता येतं.

आधी गोळी काम कशी करते ते थोडक्यात

हे समजून घेतलं की कुठली टेस्ट कशासाठी ते आपोआप कळतं. लैंगिक उत्तेजना झाली की लिंगातल्या नसांच्या टोकातून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड सुटतं, त्याच्यामुळे सीजीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो, त्याने आतले स्नायू सैल पडतात, रक्त भरतं आणि ताठरता येते. पीडीई५ नावाचं एन्झाइम हा सीजीएमपी मोडत असतं आणि गोळी त्या एन्झाइमला अडवते. म्हणजे गोळी जे तयार झालंय ते टिकवते, मुळात तयार करत नाही. त्यामुळे उत्तेजनाच नसेल, किंवा नसा आणि अस्तर खराब झाल्यामुळे नायट्रिक ऑक्साईडच कमी सुटत असेल, तर गोळीला टिकवायला हातात फारसं काही उरतच नाही. टेस्टोस्टेरॉन हे सगळं यंत्र जागं ठेवतं आणि इच्छाही तोच जागवतो. शुगर आणि कोलेस्टेरॉल अस्तराचं नुकसान करतात. किडनी आणि लिव्हर गोळी शरीरात किती वेळ राहील ते ठरवतात. बहुतेक टेस्ट या साखळीतल्या कुठल्या ना कुठल्या कडीसाठी असतात.

आकड्यांचा अंदाज हवा असेल तर १९९८ साली सिल्डेनाफिलचा जो मोठा अभ्यास आला त्यात गोळी घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले आणि नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांचे २२ टक्के. पुढच्याच वर्षी फक्त डायबेटीस असलेल्या पुरुषांवर अभ्यास झाला, त्यात ५६ टक्के लोकांनी ताठरता सुधारल्याचं सांगितलं आणि खोट्या गोळीवर १० टक्क्यांनी. दोन्हीकडे मोजायची पद्धत वेगळी होती म्हणून आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका, पण डायबेटीस असूनही अर्ध्याहून जास्त लोकांना फायदा झाला हे लक्षात ठेवा, कारण "शुगर आहे म्हणजे आपलं काही होणार नाही" असं धरून बसणारे खूप असतात आणि ते बिचारे प्रयत्नच करत नाहीत.

स्टेप १: सुई टोचून घ्यायच्या आधी घरी करायची तीन कामं

पहिलं, स्कोअर काढा. आयआयईएफ-५ नावाची ५ प्रश्नांची प्रश्नावली आहे, डॉक्टरकडे मिळते, मागच्या ६ महिन्यांवरून उत्तरं द्यायची, एकूण मार्क ५ ते २५. २२ किंवा जास्त म्हणजे ईडी नाही, १७ ते २१ सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम आणि ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. खरं सांगायचं तर गोळी किती लागू पडेल याचा अंदाज कुठल्याही एका रक्ताच्या टेस्टपेक्षा या स्कोअरवरून बरा येतो, सुरुवातीला त्रास जितका सौम्य तितकी पूर्ण सुधारणा होण्याची शक्यता जास्त. आणि हा आकडा तारखेसकट लिहून ठेवला नसेल तर दोन-तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे नुसत्या आठवणीवर ठरवावं लागतं, आठवण अशा बाबतीत फार दगा देते.

दुसरं, पहाटे किंवा झोपेत ताठरता येते का आणि एकटे असताना येते का याच्याकडे लक्ष द्या. येत असेल आणि फक्त जोडीदारासोबत असताना अडचण होत असेल, तर रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्यापैकी शाबूत असण्याची शक्यता मोठी, टेन्शन किंवा नात्यातला ताण हे कारण असू शकतं, आणि अशा माणसाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा. छातीत दुखण्यासाठी नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड किंवा निकोरँडिल यातलं काहीही घेत असाल, अगदी कधीतरी जिभेखाली ठेवायची गोळी असेल तरी, सिल्डेनाफिल टाडालाफिल गटातली कुठलीच गोळी घ्यायची नाही. बीपी एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. फुप्फुसातल्या बीपीसाठीचं रिओसिग्वाट असेल तरी हाच नियम. इथे रिपोर्ट कितीही चांगले असले तरी काही फरक पडत नाही. बाकी यादीत डिप्रेशनच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या, केसांसाठीचं फिनास्टेराइड, मॉर्फिन गटातली दुखण्यावरची औषधं, आणि जिममध्ये घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं हे सगळं आलं पाहिजे. शेवटचं लाजून लपवू नका, बाहेरून स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं बंद करतं आणि डॉक्टरला हे माहिती नसेल तर रिपोर्टचा अर्थच चुकतो. कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

स्टेप २: रक्त कधी आणि कसं द्यायचं

अर्धे गोंधळ इथे होतात. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, तरुणांमध्ये हा उतार जास्त असतो, म्हणून रक्त सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान द्यायचं. रात्रपाळी करणाऱ्याने आपण झोपून उठल्यावर दोन-तीन तासांच्या आत द्यायचं, आणि डॉक्टरला तसं सांगायचं. उपाशीपोटी द्यायचं, रात्रीपासून ८ तास तरी काही खायचं नाही, पाणी चालेल. शुगरसाठी तर उपास लागतोच पण खाल्ल्यावर, खास करून गोड खाल्ल्यावर, टेस्टोस्टेरॉनही काही काळ बराच खाली येतो, अगदी पाव हिश्शापर्यंत, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन, अपघात यातून नुकतेच उठला असाल तर थांबा. आजारपणात टेस्टोस्टेरॉन तात्पुरतं पडतं आणि तो आकडा धरून आयुष्यभराचं औषध सुरू होऊ शकतं. आदल्या रात्री झोप झाली नसेल तरीही दुसरा दिवस घ्या.

केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या निदान दोन दिवस आधी, डोस मोठा असेल तर अजून आधी, बंद करा आणि लॅबला सांगा. बायोटिन मशीनच्या रीडिंगमध्येच ढवळाढवळ करतं, काही पद्धतींमध्ये टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं आणि टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) खोटंच कमी. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता.

पहिल्या फेरीत काय काय लिहून घ्यायचं? उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (शुगरची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), टोटल टेस्टोस्टेरॉन, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (दोन्ही किडनी किती काम करते ते सांगतात), लिव्हर फंक्शन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). टीएसएच बरेच डॉक्टर सोबत करतात, प्रोलॅक्टिन (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं एक हार्मोन) गरज असेल तर. एवढं बास. पुरुषांसाठीचं पन्नास-साठ टेस्टचं जे मोठं पॅकेज मिळतं त्यातलं बरंचसं या प्रश्नाला लागू नसतं.

स्टेप ३: शुगर वाचा

एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबेटीस. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आलं तरी डायबेटीस. लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला टेस्ट पुन्हा करतात. कितीतरी पुरुषांना आपल्याला शुगर आहे हे पहिल्यांदा ईडीच्या तपासणीतच कळतं, नुसत्या या एका कारणासाठी सुद्धा रक्त द्यावं असं माझं ठाम मत आहे.

आता गोळीशी संबंध. नुसता आजचा आकडा गोष्ट पूर्ण सांगत नाही, किती वर्षं जास्त राहिलीये ते महत्त्वाचं. सहा महिन्यांपूर्वी निदान झालेला आणि एचबीए१सी ९ असलेला माणूस, आणि पंधरा वर्षं डायबेटीस असलेला पण आत्ता ७ वर आणलेला माणूस, यात दुसऱ्याच्या नसांचं नुकसान आधीच जास्त झालेलं असू शकतं. पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, लघवीतून प्रोटीन जातं का, डोळ्याच्या पडद्याला इजा आहे का, या गोष्टी असतील तर गोळी कमी लागू पडण्याची शक्यता धरून चाला आणि सुरुवातीलाच डॉक्टरशी पुढच्या पर्यायांचं बोलून ठेवा.

एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून शुगर आटोक्यात आणायला लागल्यावर १५ दिवसांत परत टेस्ट करून काही कळत नाही, ३ महिन्यांनी करा. आणि सीबीसी सोबत का काढायचं त्याचं एक कारण इथे आहे: लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटं जास्त दिसू शकतं, रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिनचाच आजार असेल तर आकड्यावर विसंबता येत नाही.

स्टेप ४: टेस्टोस्टेरॉन, इथे घाई नको

सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत म्हणून इथे जरा सविस्तर.

एकाच रिपोर्टवर काहीही ठरवायचं नाही. कमी आलं तर वेगळ्या दिवशी, शक्यतो काही आठवड्यांनी, पुन्हा तशाच पद्धतीने सकाळी उपाशीपोटी आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करायचं. अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशन ३०० एनजी प्रति डीएलच्या खाली कमी मानते, युरोपियन युरॉलॉजीवाले १२ एनमोल प्रति लिटर धरतात म्हणजे साधारण ३५०. रिपोर्ट एनमोलमध्ये असेल तर २८.८ ने गुणा, एनजी प्रति डीएलमध्ये उत्तर येईल. ढोबळमानाने २३० च्या खाली दोनदा आलं आणि लक्षणं असतील तर कमतरता जवळपास नक्की, ३५० च्या वर असेल तर ताठरतेचं कारण बहुतेक दुसरीकडे शोधायला हवं, आणि मधला जो पट्टा आहे त्यात अजून माहिती लागते.

ही अजून माहिती म्हणजे एसएचबीजी. टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग रक्तात या प्रोटीनला घट्ट चिकटलेला असतो आणि तो वापरता येत नाही. वजन जास्त असेल किंवा डायबेटीस असेल तर एसएचबीजी कमी असतं, त्यामुळे टोटल कमी दिसतं पण वापरता येणारं ठीक असू शकतं. उलट वय वाढलं, थायरॉइड जास्त असलं, लिव्हरचा आजार असला की एसएचबीजी वाढतं आणि टोटल छान दिसत असतानाही आत कमतरता असू शकते. म्हणून टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन यावरून हिशोब करून काढलेलं फ्री टेस्टोस्टेरॉन बघायचं. लॅबच्या यादीत थेट मोजलेलं फ्री टेस्टोस्टेरॉन अशी जी स्वस्तातली टेस्ट असते ती बहुतेक वेळा भरवशाची नसते, तिच्यावरून निर्णय घेऊ नका.

कमतरता पक्की झाली की एलएच काढायचं, म्हणजे वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन. एलएच जास्त असेल तर बिघाड वृषणात आहे, एलएच कमी किंवा नॉर्मल असेल तर वरून, मेंदूतल्या पिट्युटरीकडूनच हुकूम कमी येतोय, मग प्रोलॅक्टिन करायलाच हवं.

आता मुख्य प्रश्न, टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर गोळी चालणार नाही का? तसं नाही. कमी असूनही बऱ्याच जणांना गोळी लागू पडते. आणि गोळीसोबत टेस्टोस्टेरॉन दिलं तर फायदा होतो का यावर अभ्यासांची उत्तरं वेगवेगळी आलीत, ती मुद्दाम सांगतो. २०१२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात १४० पुरुष घेतले, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी, आधी सिल्डेनाफिलचा डोस प्रत्येकाला नीट बसवला आणि मग अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, अर्ध्यांना खोटं जेल. १४ आठवड्यांनी ताठरतेत दोन्ही गटांत फरक नाही. दुसरीकडे २०११ च्या एका अभ्यासात रोजच्या टाडालाफिलवर न सुधारलेले पुरुष घेतले होते, त्यात सगळे मिळून फायदा दिसला नाही, पण ज्यांचं टेस्टोस्टेरॉन ३०० किंवा त्याहून कमी होतं त्यांना दिसला. मला यातून जे कळतं ते असं, की आधी गोळी नीट वापरून बघा, ती नीट वापरूनही पुरत नाहीये आणि टेस्टोस्टेरॉन दोनदा खरोखर कमी आलंय, इच्छाही कमी झालीये, तर अशा माणसाला टेस्टोस्टेरॉन दिल्यावर गोळी चांगली चालू लागण्याची शक्यता असते. आकडा ४०० किंवा ५०० असताना अजून वाढवून ताठरता वाढेल या आशेने इंजेक्शन घेण्यात काही अर्थ नाही.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून ठळकपणे: मूल हवं असेल तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेऊ नका, वीर्यातले शुक्राणू कमी होतात, कधीकधी शून्यावर येतात. त्यासाठी वेगळी औषधं आहेत, डॉक्टरला स्पष्ट सांगा. सुरू करण्याआधी चाळिशीच्या पुढे पीएसए (प्रोस्टेटची रक्ताची टेस्ट) बघतात, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा हिस्सा किती) बघतात, आणि औषध चालू असताना हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस कमी करावा किंवा थांबवावं लागतं. इच्छेतला फरक काही आठवड्यांत जाणवतो पण ताठरतेला कधीकधी ६ महिनेही लागतात.

स्टेप ५: प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड

हे दोन क्वचित सापडतात पण सापडले तर हातात मोठं काहीतरी लागतं. प्रोलॅक्टिन खूप वाढलं की टेस्टोस्टेरॉन दबतं, इच्छा जाते, आणि मग नुसती ईडीची गोळी देत राहून फारसा उपयोग होत नाही. किंचित वाढलेलं असेल तर घाबरू नका, सुई टोचायच्या टेन्शननेही थोडं वाढतं, परत करा. डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड अशी उलटी-ॲसिडिटीवरची औषधं आणि रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजारावरची औषधं यानेही वाढतं. दुसऱ्यांदाही बरंच जास्त आलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिन (प्रोलॅक्टिनचं मोठं, बहुतेक निरुपद्रवी रूप) नाहीये ना ते बघून पिट्युटरीचा एमआरआय करतात. गाठ सापडली तरी बहुतेकांना कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी उतार पडतो. सोबत डोकेदुखी किंवा बाजूचं दिसायला कमी झालं असेल तर वाट बघू नका.

थायरॉइड कमी असो की जास्त, दोन्हीत ताठरतेवर परिणाम होतो आणि थायरॉइड जागेवर आलं की बऱ्याच जणांची ताठरताही सुधारते. म्हणून टीएसएच बिघडलेलं असेल तर ते आधी ठीक करा, गोळी फेल गेली असा शिक्का त्याआधी मारू नका.

स्टेप ६: लिपिड प्रोफाइल, हे नुसतं लैंगिक प्रकरण नाही

लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या आणि हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्यांचा आजार सगळीकडे एकत्रच सुरू होतो पण बारीक नळीत आधी जाणवतो, असं मानलं जातं, आणि ईडीनंतर साधारण २ ते ५ वर्षांत हृदयाचा त्रास दिसू शकतो. म्हणून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं आणि ईडी असं एकत्र दिसलं तर विषय फक्त बेडरूमचा राहत नाही, ईसीजी आणि हृदयाची जोखीम याबद्दल डॉक्टरशी बोला, जिना चढताना धाप लागते किंवा छातीत भरून येतं असं असेल तर गोळी घ्यायच्या आधीच.

गोळीच्या दृष्टीने बघायचं तर स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने) एलडीएल कमी केल्यावर ताठरतेच्या स्कोअरमध्ये थोडी सुधारणा झाल्याचं अनेक छोट्या अभ्यासांत दिसलंय. फक्त ताठरतेसाठी स्टॅटिन घ्या असं कोणी म्हणणार नाही, पण हृदयासाठी गरज असेलच तर "याने मर्दानगी कमी होईल" या भीतीने टाळू नका. वजनाचंही तेच. २००४ मध्ये ईडी असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात दोन वर्षं नीट आहार-व्यायाम करणाऱ्या गटात सुमारे एक तृतीयांश लोकांची ताठरता नॉर्मल झाली, दुसऱ्या गटात मोजक्याच लोकांची.

स्टेप ७: किडनी आणि लिव्हर, डोस ठरवण्यासाठी

हे पटकन. ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा लिव्हरचा मोठा आजार असेल तर गोळी शरीरातून हळू बाहेर पडते, सिल्डेनाफिल अशा वेळी २५ एमजीपासून सुरू करतात, ६५ च्या पुढच्या वयातही तसंच. ईजीएफआर एवढं कमी असताना रोजची टाडालाफिल देत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल, रिटोनाविर यांच्यामुळेही रक्तात गोळीचं प्रमाण वाढतं, आणि प्रोस्टेटची टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर बीपी पडू शकतं, म्हणून कमी डोसने सुरुवात.

ज्या टेस्टच्या मागे लागू नये

होमोसिस्टीन, एडीएमए, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, रक्तातल्या एंडोथेलियल पेशी मोजणं, आणि जीन टेस्ट ज्यात नायट्रिक ऑक्साईड बनवणाऱ्या एन्झाइमचं जीन तपासतात. संशोधनात यांचा ईडीशी संबंध दिसलाय आणि काही छोट्या अभ्यासांत गोळीच्या परिणामाशीही. पण एका माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन "तुला चालेल, तुला नाही" असं म्हणता येईल इतकी ताकद त्यात नाही आणि रिपोर्ट काहीही आला तरी पुढचा उपचार बदलत नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी भरून काढा, ताठरतेसाठी त्याच्यावर आशा लावून बसू नका. कोणी जीन टेस्ट करून तुमच्यासाठी खास गोळी बनवून देतो म्हणत असेल तर लांब राहा.

स्टेप ८: सगळे रिपोर्ट समोर ठेवून ठरवा

सगळं नॉर्मल, वय कमी, पहाटे ताठरता येते: गोळी लागू पडण्याची शक्यता चांगली, बऱ्याचदा काही महिने गोळी आणि सोबत समुपदेशन एवढ्यावर भागतं.

शुगर किंवा लिपिड बिघडलेलं पण बाकी ठीक: गोळी आणि शुगरचा उपचार एकत्रच सुरू करा. शुगर जागेवर येईपर्यंत गोळी थांबवून ठेवायची असं काही नसतं, पण सुरुवातीचा परिणाम कमी वाटला तर ३ महिन्यांनी परत नीट प्रयत्न करा.

टेस्टोस्टेरॉन दोनदा कमी आणि इच्छाही गेलेली: वर सांगितल्याप्रमाणे कारण शोधा, मग दोन्हींचा विचार. टेस्टोस्टेरॉन कमी पण इच्छा टिकून आहे आणि ताठरताच नाही: आधी गोळी.

जुना डायबेटीस, नसांना इजा, स्कोअर ७ किंवा कमी, किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं: इथे रक्ताचे रिपोर्ट सुंदर आले तरी गोळीचा परिणाम कमी असू शकतो, कारण नसांची इजा रक्तात दिसतच नाही. प्रयत्न जरूर करायचा, पण मनाची तयारी ठेवून.

स्टेप ९: गोळीची खरी परीक्षा नीट घ्या

लागू पडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गोळी चुकीच्या पद्धतीने घेतलेली असते आणि फक्त नीट समजावून सांगितल्यावर त्यातल्या अनेकांना ती चालू लागते. सिल्डेनाफिल साधारण ५० एमजीने सुरू करतात, डॉक्टरच्या सल्ल्याने १०० पर्यंत जातात. ती संबंधाच्या तासभर आधी घ्यायची, तेलकट-तुपकट जड जेवणावर घेतली तर परिणाम तासभर लांबतो आणि कमीही होतो. टाडालाफिल १० किंवा २० एमजी, जेवणाशी संबंध नाही, परिणाम ३६ तासांपर्यंत, किंवा रोज २.५ ते ५ एमजी. उत्तेजना हवीच, गोळी घेऊन टीव्ही बघत बसलं तर काही होणार नाही. दारू जास्त नको.

पूर्ण डोसवर वेगवेगळ्या दिवशी निदान ६ ते ८ वेळा प्रयत्न केल्याशिवाय फेल म्हणायचं नाही. पहिल्या दोन वेळा मनावर दडपण असतं, त्यावरून निकाल लावणं स्वतःवर अन्याय आहे. दर वेळी तारीख, डोस, जेवणानंतर किती वेळाने, किती ताठरता आली, टिकली का, एवढं लिहा. शेवटी परत आयआयईएफ-५ भरा आणि आधीच्या स्कोअरशी लावून बघा. एक गोळी नाही चालली तर दुसरीवर जाऊन बघता येतं, दोन्ही एकाच दिवशी मात्र कधीच नाही. छातीत दुखलं तर दवाखान्यात गोळी घेतल्याचं आधी सांगा, सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. अचानक दिसायला किंवा ऐकायला कमी झालं, किंवा ताठरता ४ तासांपेक्षा जास्त टिकली, तर थेट इमर्जन्सीला जा.

एवढं करूनही चाललं नाही तर रक्ताच्या अजून टेस्ट करत बसू नका. पुढची तपासणी लिंगाच्या डॉप्लर सोनोग्राफीची असते, रक्त आत येत नाही की आत टिकत नाही हे तिच्यातून कळतं. पुढे व्हॅक्युम डिव्हाइस आहे, लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन आहे जे नायट्रिक ऑक्साईडच्या वाटेने जात नाही म्हणून गोळी फेल गेलेल्यांनाही बऱ्याचदा लागू पडतं, आणि शेवटी इम्प्लांट आहे, त्याने समाधानी असणाऱ्यांचं प्रमाण चांगलं मोठं आहे. युरॉलॉजिस्टकडे जाताना जुने-नवे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, औषधांची यादी, दोन्ही स्कोअर आणि प्रयत्नांची वही सोबत घ्या, आणि जोडीदार तयार असेल तर तिलाही सोबत न्या, पुढचे पर्याय दोघांनी मिळूनच वापरायचे असतात.